वाईनचा छोटा फ्रिज पुण्यात घ्यावा का? आधी आपली सवय मोजा, मग यंत्र निवडा

बारा बाटल्यांचा वाईन फ्रिज घेण्याआधी घरातला एक हिशेब मांडावा. महिन्याला किती बाटल्या उघडतात? त्यातल्या किती त्याच रात्री संपतात? रेड जास्त की व्हाईट? आणि दुकानातून आणलेली बाटली उघडेपर्यंत किती दिवस घरात राहते? ७५० मिलिलिटरच्या बाटलीत १५० मिलिलिटरचे पाच ग्लास होतात. दोघंजण शनिवारी जेवणासोबत प्रत्येकी दोन ग्लास घेत असतील, तर एक ग्लास उरतो आणि महिन्याला चार बाटल्या लागतात. आणलेली बाटली आठवड्याभरात उघडत असेल तर अशा घराला हा फ्रिज लागत नाही. घरचा नेहमीचा फ्रिज, एक बादली आणि बर्फ एवढ्यात त्यांचं उत्तम भागतं. ते कसं, ते पुढे सांगितलं आहे.

ज्यांच्याकडे एका वेळी पंधरा-वीस बाटल्या असतात, नाशिकला किंवा अकलूजला वाईनरीत जाऊन जे खोकी भरून आणतात, किंवा एखादी चांगली रेड दोन-तीन वर्षं ठेवून मग उघडायची ज्यांची आवड आहे, त्यांच्यासाठी मात्र ही खरेदी विचार करण्यासारखी आहे. पुण्यात मार्च ते मे बंद फ्लॅटमध्ये दुपारी ३२ ते ३४ अंश तापमान सहज असतं. त्या उष्णतेत आठ आठवडे उभी राहिलेली वाईन मंद आचेवर ठेवल्यासारखी होते. फळाचा वास बसतो, व्हाईट गडद पिवळी पडते, रेडला शिजवलेल्या मनुकांचा वास येतो. हे नुकसान नंतर कशानेही भरून निघत नाही.

बाजारात दोन जातीची यंत्रं मिळतात आणि सगळी निवड इथेच ठरते. पहिली पेल्टियर पद्धतीची, ज्यांना विक्रेते थर्मोइलेक्ट्रिक म्हणतात. आत एक छोटी चिप असते. तिच्यातून वीज गेली की तिची एक बाजू गार होते, दुसरी तापते, आणि तापलेल्या बाजूची उष्णता पंखा बाहेर फेकतो. आवाज कमी, थरथर जवळजवळ नाही, किंमत कमी, दिसायला सुबक. दुसरी नेहमीच्या फ्रिजसारखी कॉम्प्रेसरची. ती जड असते, थोडी घुरघुरते आणि बरीच महाग पडते.

पेल्टियरची अडचण तिच्या कामाच्या पद्धतीतच आहे. ती आतली हवा ठरावीक अंशापर्यंत आणत नाही, खोलीच्या तापमानापेक्षा ठरावीक अंशांनी खाली आणते. लहान यंत्रांत हा फरक साधारण १२ ते १५ अंशांचा असतो. डिसेंबरात खोली २२ अंशांवर असते तेव्हा आत ७-१० अंश मिळतात आणि सगळं झकास वाटतं. मे महिन्याच्या दुपारी खोली ३३ वर गेली की तेच यंत्र आत १८ ते २१ दाखवतं. पडद्यावर तुम्ही १० लावले असले तरी ते १० होत नाहीत. चिप आणि पंखा मात्र ते गाठायला दिवसरात्र धावत राहतात. ७० वॉटचं यंत्र अखंड चाललं तर दिवसाला सुमारे १.७ युनिट, महिन्याला ५०. तुलनेला, ८५ वॉटचा कॉम्प्रेसर तासातली वीस मिनिटं चालला तर दिवसाला ०.७ युनिटच्या आत राहतो. म्हणजे स्वस्त यंत्र ऐन उन्हाळ्यात काम कमी करतं आणि वीज जास्त खातं. ज्या खोलीत उन्हाळाभर एसी चालू असतो तिथे पेल्टियर चालेल. पण एसी रात्री बंद होत असेल तर बाटलीला रोज तापायचा-गार व्हायचा झोका बसतो, आणि स्थिर २४ अंशांपेक्षा तो झोका वाईट. आतली वाईन फुगते, आकसते, बूच हळूहळू सैल पडतं आणि हवा आत शिरते.

म्हणून आमचा स्पष्ट कौल: पुण्यासाठी घ्यायचा तर कॉम्प्रेसरचाच. घेताना पाठीमागच्या पट्टीवर हवामान वर्ग बघा. 'एन' म्हणजे बाहेर ३२ अंशांपर्यंत, 'एसटी' म्हणजे ३८, 'टी' म्हणजे ४३. 'एन' वर्गाचं यंत्र इथे घेऊ नका. दुकानदाराला हा प्रश्न नवा असू शकतो, पण पट्टी यंत्रावर असते, वाकून वाचावी.

बाटल्यांचा आकडा फसवा असतो. बारा, अठरा, चोवीस हे सगळे आकडे सरळ खांद्याच्या बोर्दो बाटलीवर मोजलेले असतात, जिची जाडी ७५-७६ मिलिमीटर असते. उतरत्या खांद्याची बरगंडी बाटली त्याहून फुगीर, आणि स्पार्कलिंगची, म्हणजे फसफसणाऱ्या वाईनची, तर ८८-९० मिलिमीटरपर्यंत जाते. नाशिकजवळच्या दिंडोरीत तयार होणाऱ्या शाँदोंसारख्या दोन बाटल्या ठेवायच्या म्हटल्या की एक फळी काढावी लागते आणि बाराच्या नऊ होतात. फळ्या काढता येतात का, आणि त्या लाकडी पट्ट्यांच्या आहेत की तारेच्या, हे दुकानातच हाताने करून बघा. तारेच्या फळीवर लेबलं खरवडतात.

जागा निवडताना पुण्यातल्या घरांत एक चूक ठरलेली: बंद केलेली बाल्कनी. पश्चिमेचं ऊन आलं की तिची भट्टी होते. स्वयंपाकघरात ओट्याखालीही नको, शेगडीची आच लागते. घराच्या आतल्या, उन्हाकडे नसलेल्या भिंतीशी, मागे किमान १० सेंटिमीटर आणि बाजूंना ५ सेंटिमीटर मोकळं सोडून ठेवा. सुताराकडून फर्निचरमध्ये बसवून घ्यायचा असेल तर गरम हवा पुढच्या जाळीतून सोडणारं यंत्रच लागतं. मागून हवा सोडणारं यंत्र कपाटात कोंडलं तर कॉम्प्रेसर थांबतच नाही आणि लवकर जातो.

एकाच कप्प्याचा फ्रिज १२ अंशांवर लावावा. रेड त्यातून काढून ग्लासात ओतली की पुण्याच्या हवेत पंधरा-वीस मिनिटांत १६ वर येते. व्हाईट आणखी गार हवी असेल तर बर्फाच्या पाण्यात पाच मिनिटं पुरतात. दोन कप्प्यांच्या छोट्या यंत्रांचा मोह टाळावा. लहान आकारात कप्प्यांमधला पडदा पातळ असतो आणि दोन्ही तापमानं एकमेकांकडे सरकतात.

गुरुवारी महावितरणच्या देखभालीसाठी वीज गेली तर चार-पाच तासांत बाटल्यांना काही होत नाही, दार उघडलं नाही म्हणजे झालं. वीज परत आल्यावर मात्र पडदा बघा. काही यंत्रं लावलेलं तापमान विसरतात आणि कारखान्यातून आलेल्या आकड्यावर परततात. पावसाळ्यात दमट हवेमुळे आत पाणी सुटतं. तळाच्या मागच्या बाजूला निचऱ्याचं छोटं भोक असतं, लेबलाचे कपटे अडकून ते बुजतं आणि खालच्या फळीवर तळं साचतं. जूनच्या सुरुवातीला पातळ नळीने ते मोकळं करून घ्या. दाराचं रबर कागदाने तपासा. कागद दारात धरून ओढल्यावर सहज निसटला, तर तिथून हवा जाते आहे.

आता फ्रिज न घेणाऱ्यांसाठी. रेड 'खोलीच्या तापमानाला' प्यावी हा नियम युरोपातल्या जुन्या, थंड घरांचा आहे, जिथे खोली म्हणजे १६ ते १८ अंश. आपल्याकडे मे महिन्यातली खोली त्याच्या दुप्पट गरम. ३० अंशांची शिराझ तोंडाशी नेली की आधी स्पिरिटसारखा झोत नाकात जातो, फळ मागे राहतं, शेवटी घसा जळतो. पुण्यात 'रेड मला झेपत नाही' म्हणणाऱ्यांनी एकदा तीच बाटली १६ अंशांवर चाखून बघावी. आवड बदललेली दिसेल.

परदेशी सल्ल्यात रेड वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा असं असतं. ते त्यांच्या २१ अंशांच्या खोलीसाठी ठीक आहे. आपल्या ३२ अंशांच्या बाटलीला फ्रिजमध्ये १८ पर्यंत यायला सुमारे दीड तास लागतो, कारण हवा उष्णता सावकाश काढते. व्हाईटला तर दुपारीच आत टाकावं, आणि प्यायच्या आधी दहा-पंधरा मिनिटं बाहेर काढावं. थेट ४ अंशांवर शेनिन ब्लाँला वासच येत नाही. पाहुणे दारात आणि बाटली गरम असेल तर बादलीत निम्मा बर्फ, निम्मं पाणी आणि मूठभर मीठ घालून बाटली मानेपर्यंत बुडवा. नुसता बर्फ नको, दोन खड्यांमधल्या हवेमुळे वेळ जातो. रेड सात-आठ मिनिटांत तयार, शेनिन किंवा सोव्हिन्याँ ब्लाँ अठरा-वीस मिनिटांत, स्पार्कलिंग अर्ध्या तासात. फ्रीझरमध्ये टाकून विसरू नका. वाईन गोठून फुगते आणि बूच बाहेर ढकलते.

उरलेल्या बाटलीसाठी मिळणारा हवा ओढणारा पंपही आपल्या सवयीच्याच मापाने जोखावा. रबरी बूच लावून दहा-पंधरा वेळा दांडा ओढायचा, घट्ट लागला की थांबायचं. सगळी हवा निघत नाही, आणि ओढताना थोडा वासही निघून जातो. स्पार्कलिंगला तर तो लावूच नये. त्याऐवजी ३७५ मिलिलिटरची रिकामी बाटली गरम पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून ठेवा. मोठी बाटली उघडल्या उघडल्या निम्मी वाईन तिच्यात अगदी तोंडापर्यंत भरा, झाकण पिळून फ्रिजमध्ये ठेवा. आत हवाच नसल्यामुळे व्हाईट पाच दिवस आणि रेड चार दिवस बऱ्यापैकी टिकते. हे रात्री जेवण झाल्यावर करून उपयोग नाही, तोवर हवा लागलेली असते. एका रात्रीत निम्मीच बाटली संपवणाऱ्या घराला यासारखी वस्तू नाही, आणि ती फुकट आहे. उरलेली रेडही फ्रिजमध्येच जाते, कपाटात नाही.

साठवणीबद्दल आणखी एक गैरसमज. आपल्याकडच्या बहुतेक व्हाईट आणि रोज़े (गुलाबी वाईन) फिरकीच्या झाकणाच्या असतात आणि वर्ष-दीड वर्षात प्यायच्या असतात. त्या आडव्या ठेवण्याची गरज नाही, जपून मुरवण्याचीही नाही. महाराष्ट्रात वाईनची द्राक्षं साधारण जानेवारी ते मार्च खुडली जातात. त्यामुळे लेबलावर मागच्या खुडणीचं साल असलेली व्हाईट घ्यावी, तीन वर्षं जुनी स्वस्तात मिळाली तरी ठेवून द्यावी. ठेवण्यासारख्या बाटल्या मोजक्या: फ्रातेल्ली वाईनरीची सेत्ते ही रेड, जिच्यात सांजोवेझे आणि कॅबर्ने सोव्हिन्याँ ही द्राक्षं असतात, किंवा ग्रोव्हर वाईनरीची ला रिझर्व्ह. अशा सहा बाटल्या घरात असतील तर फ्रिजच्या बाजूने एक मत वाढलं समजा.

आणि घरातलं तापमान सांभाळण्याआधी बाटली दुकानात कशी राहिली ते बघावं लागतं. पुण्यात 'वाईन शॉप'ची पाटी असते, पण आतली मोठी जागा व्हिस्की आणि बिअरची. वाईन वरच्या फळीवर, दिव्याखाली, उभी. दर्शनी बाटली घेऊ नका, आतल्या खोक्यातली किंवा गार कपाटातली मागा. मानेवर चिकट ओघळ, वर उचललेलं बूच, पारदर्शक काचेतली विटकरी पडलेली रोज़े दिसली तर परत करा. बूच असलेली बाटली महिनोन् महिने उभी असेल तर ते वाळलेलं असण्याचा संभव मोठा. जिथे वाईनचा खप जास्त आहे ते दुकान चार किलोमीटर लांब असलं तरी परवडतं. येताना गाडीच्या डिकीत ठेवून वाटेत दुसरी कामं करू नका. उन्हातल्या डिकीत एका तासात जे बिघडतं ते पुढे कुठलाच फ्रिज सुधारत नाही.

जेवणाचं थोडक्यात, कारण सवयीत तेही येतं. तिखटाने अल्कोहोलची आग आणि रेडमधल्या टॅनिनचा तुरटपणा दोन्ही वाढतात. म्हणून मिसळीसोबत किंवा तांबड्या रश्श्यासोबत भारी कॅबर्ने उघडणं म्हणजे दोन्हींचं नुकसान. तिथे किंचित गोडसर शेनिन, १० अंशांवर. अळूवडी, सुरळीची वडी, कोथिंबीर वडी यांच्यासोबत स्पार्कलिंग सुंदर लागते. भरल्या वांग्याला आणि सुक्या मटणाला शिराझ चालते, पण १६ अंशांवरच. पुरणपोळीला लेट हार्वेस्ट, म्हणजे उशिरा खुडलेल्या द्राक्षांची गोड शेनिन, छोट्या ग्लासात ६० मिलिलिटर.

महिन्याला आठपेक्षा जास्त बाटल्या उघडत असतील, त्यात व्हाईट-रेड मिसळलेल्या असतील आणि घरात कायम डझनभर साठा असेल, तर चोवीस बाटल्यांचा, 'एसटी' किंवा 'टी' वर्गाचा कॉम्प्रेसर फ्रिज घ्या. त्याहून कमी असेल तर पैसे बादलीत, दोन अर्ध्या बाटल्यांत आणि तीन-चारशे रुपयांच्या डिजिटल थर्मामीटरमध्ये घाला. थर्मामीटर ग्लासात बुडवून बघायचा, बाटलीला चिकटवायचा नाही. काच वाईनच्या आधी गार होते.