चार फुटी डिस्कस सेट, दीड वर्ष वापरल्यावर: बॉक्सवर १२, माझ्याकडे ६

डिस्कस मासे पाळायचा हा सेट चांगला आहे पण बॉक्सवर छापलेला माशांचा आकडा चुकीचा आहे, हे आधीच सांगून टाकते म्हणजे कोणी अर्धवट वाचून सोडलं तरी हरकत नाही. ४ फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच काचेचा टँक, स्टँड, झाकण त्यातच एलईडी, कॅनिस्टर फिल्टर (टँकबाहेर ठेवायचा डब्यासारखा) आणि २०० वॉटचा एक हीटर. बॉक्सवर ठळक अक्षरात २५० लिटर, १२ डिस्कसपर्यंत, आणि फोटोत पूर्ण वाढलेले १२ डिस्कस मोकळेपणाने पोहतायत. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण असाच आकडा मला दुसऱ्या सेटवरही दिसलाय.

सगळ्यात आधी ते २५० लिटर. बाहेरच्या मापाने हिशोब केला तर बरोबर येतं. पण काचेची जाडी जाते, वरचे दोन इंच मोकळे ठेवावे लागतात (डिस्कस घाबरला की वर उसळी मारतो, काठोकाठ भरलात तर झाकणावर आपटेल), म्हणून मी भरताना २० लिटरची बादली मोजत भरला. साडेदहा बादल्या. म्हणजे २१० लिटर, आणि तेही वाळू नाही, लाकूड नाही, तळ नुसता काचेचा असताना. वाळूचा थर आणि एखादं मोठं ड्रिफ्टवुड टाकलं की अजून कमी.

पूर्ण वाढलेल्या एका डिस्कसला साधारण ४० लिटर पाणी, हा हिशोब डिस्कस पाळणारे बहुतेक लोक धरतात. २१० ला ४० ने भागा, पाचच्या थोडं वर येतं. पाणी वेळेवर बदलणारा असेल तर ६. बॉक्सवरच्या १२ ने भागलं तर एकेका माशाला साडेसतरा लिटर येतं, आणि हा मासा वाढून ६ ते ७ इंचाचा, म्हणजे १५ ते १८ सेंटीमीटरचा ताटलीसारखा गोल होतो, त्याला बादलीभरही पाणी नाही मग.

तरी मी १० आणले. कारण आणले तेव्हा ते ३ इंचाचे होते आणि टँकमध्ये टाकल्यावर टँक रिकामा वाटत होता. इथेच सगळे फसतात. पहिले चार महिने खरंच काही झालं नाही, कारण मी रोज ३० ते ४० टक्के पाणी बदलत होते, दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं खायला, उरलेलं लगेच सायफनने बाहेर, आणि पिल्लं इतकी झपाट्याने वाढत होती की दर आठवड्याला फरक दिसायचा. मग कामाचा व्याप वाढला आणि पाणी बदलणं रोजचं आठवड्यातून दोनदावर आलं. मासे तोवर ४-५ इंचाचे झालेले. तिथून गाडी घसरली. पाणी बदलायच्या आदल्या दिवशी टेस्ट केली की नायट्रेट (माशांच्या घाणीतून पाण्यात साठत जाणारं) ४० पीपीएम, बदललं की खाली यायचं आणि चार दिवसांत परत तिथेच. दिसायला पाणी अगदी स्वच्छ, काचेसारखं. टेस्ट किट नसतं तर मला कळलंच नसतं, म्हणून सांगते सेटसोबत किट येत नाही पण ते माशांच्याही आधी घ्या.

सातव्या महिन्यात टर्कोइज जातीचे दोन डिस्कस काळे पडायला लागले. डिस्कसला ताण आला की अंगावरच्या उभ्या पट्ट्या गडद होतात, मासा कोपऱ्यात तोंड घालून उभा राहतो, पर मिटलेले. (पिजन ब्लड जातीत त्या पट्ट्या दिसत नाहीत, त्यांच्याकडे बघून लवकर कळत नाही, अंगावर मिरीपूड टाकल्यासारखे काळे ठिपके वाढतात त्यावर लक्ष ठेवा.) खायला टाकलं की मोठे दोघं मधे घुसायचे आणि हे दोन मागे, सगळ्यांचं खाऊन झाल्यावर येऊन तळातलं वेचायचे. मी हीटर तपासला, औषध टाकायचा विचार केला, फिल्टर उघडून धुतला, सगळं केलं. मासे जास्त झालेत हे मात्र शेवटी डोक्यात आलं.

अजून एक गोष्ट आहे, पाण्याच्या उष्णतेची. डिस्कसला २८ ते ३० डिग्री लागतं, म्हणजे इतर बऱ्याच माशांपेक्षा गरम. पाणी जितकं गरम तितका त्यात ऑक्सिजन कमी मावतो. २४ डिग्रीला लिटरमागे साधारण ८.४ मिलिग्रॅम मावतो तर ३० ला साडेसातच्या आसपास, आणि त्याच वेळी गरम पाण्यात माशाची भूक आणि श्वास दोन्ही वाढलेले असतात. म्हणजे हवा कमी आणि खर्च जास्त. शिवाय पीएच साडेसातच्या वर असेल तर गरम पाण्यात माशांच्या घाणीतला तोच अमोनिया जास्त विषारी ठरतो. त्यामुळे साध्या माशांचा लिटरचा हिशोब डिस्कसला लावूच नका.

ओळखीतल्या एका दादांकडे ६ फुटी टँक आहे, त्यांना ४ मासे देऊन टाकले. कुठले द्यायचे ठरवताना फार जड गेलं, शेवटी काळे पडलेले दोन आणि मधल्या आकाराचे दोन दिले. उरले ६. दोन आठवड्यांत पाणी बदलायच्या आधीचं नायट्रेट २० च्या खाली आलं, पाणी बदलणं तेवढंच, खाणं माशामागे तेवढंच. फिल्टर तोच. हीटर तोच. फक्त ४ मासे कमी.

आता कोणी म्हणेल मग अजून कमी ठेवा ना, ३ ठेवा, पाणी किती छान राहील. नका ठेवू. हे मी आधी करून बसलेय. याआधी माझ्याकडे अडीच फुटी टँक होता, त्यात ३ डिस्कस होते. त्यातला मोठा मधल्यावर धावायचा, मधला धाकट्यावर, आणि धाकट्याला धावायला कोणीच नाही. तीन महिने त्याने नीट खाल्लं नाही, आधी कपाळ बसलं, मग पाठ चाकूसारखी पातळ झाली, आणि गेला. मग दोन राहिले तर त्यातला मोठा दुसऱ्याला दिवसभर खेटायचा. डिस्कस अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यात संथ पाण्यात, बुडालेल्या फांद्यांमध्ये घोळक्याने राहणारा मासा आहे. त्यांच्यात वरचढ कोण, खालचा कोण, हे सतत ठरत असतं. घोळका असला की तो मार सगळ्यांत वाटला जातो, एकट्याच्या वाट्याला सगळा येत नाही. ५ च्या खाली हे जमत नाही असं माझं ठाम मत आहे, आणि ६ असले तर फारच बरं.

म्हणजे बघा, खालून ५ ची मर्यादा आणि वरून ६ ची. या टँकची खरी रेंज एवढीच आहे. बॉक्सवर "५ ते ६ मोठे डिस्कस" छापलं असतं तर मी या सेटला डोळे मिटून पाच स्टार दिले असते.

६ मध्येही एक अडचण येते ती सांगते. माझ्या ६ मधल्या दोघांची जोडी जमली. जोडी जमली की ते दोघं टँकचा एक कोपरा धरतात, माझ्याकडे फिल्टरच्या पाइपाचा, उभा पृष्ठभाग साफ करून त्यावर अंडी घालतात आणि बाकीच्यांना तिथे फिरकू देत नाहीत. त्या दिवसांत चार मासे उरलेल्या अर्ध्या टँकमध्ये. पाच-सहा दिवस चालतं, मग अंडी खाल्ली जातात किंवा बुरशी लागते आणि परत सगळं नॉर्मल. ६ आहेत म्हणून निभावतं, १० असताना जोडी जमली असती तर काय झालं असतं याची कल्पनाही नको. पिल्लं हवी असतील तर जोडीला वेगळा छोटा टँक लागतोच, कारण पिल्लं सुरुवातीला आईबापाच्या अंगावरचा चिकट स्राव खाऊन जगतात, दोघंही पाजतात, ते बघण्यासारखं असतं पण गर्दीत होत नाही.

आता सेटमधल्या वस्तू. काच आणि सिलिकॉन उत्तम, दीड वर्षात एक थेंब गळलेला नाही, कडा नीट घासलेल्या, हाताला लागत नाहीत. स्टँड मजबूत आहे पण पाय खालीवर करायची सोय नाही, माझी फरशी थोडी उतरती होती तर खाली पट्टी सरकवावी लागली. भरल्यावर नुसत्या पाण्याचंच वजन २०० किलोच्या वर जातं, त्यामुळे लेव्हल आधीच बघा, नंतर हलत नाही. लाइट जरा जास्तच पांढरा आणि प्रखर आहे, डिस्कस बुजतात, मी वर तरंगती झाडं सोडली तेव्हा ते पुढे यायला लागले. कॅनिस्टर फिल्टर या सेटमधली सगळ्यात चांगली वस्तू. आवाज नाही, उघडायला सोपा, आत मीडियाला (पाणी गाळणाऱ्या स्पंज, रिंग वगैरेंना) भरपूर जागा. फक्त स्प्रे बारचं, म्हणजे पाणी परत टँकमध्ये सोडणाऱ्या भोकांच्या नळीचं, तोंड मागच्या काचेकडे वळवा, समोरून धार आली तर हे मासे दिवसभर प्रवाहाशी झगडत बसतात.

हीटरवर मात्र राग आहे माझा. डिस्प्लेवर २९ आणि मी स्वतंत्र थर्मामीटर टाकला तर २७. थंडीच्या रात्री २६ पर्यंत उतरलं होतं. शिवाय एवढ्या पाण्याला एकच हीटर देणं मुळातच बरोबर नाही, बंद पडला तर टँक गार आणि चालूच राहून अडकला तर मासे उकडणार. मी तो काढून १५०-१५० वॉटचे दोन लावले, दोन टोकांना.

उंचीबद्दलही बोलायला हवं. पाणी जेमतेम १६ इंच राहतं. पूर्ण वाढलेला डिस्कस वरच्या-खालच्या परांसकट ८ इंचाच्या आसपास उंच दिसतो, त्याला हे पुरतं पण ऐसपैस नाही. हाच टँक २ फूट उंच मिळत असेल तर तो घ्या, पाणी ३०० लिटरच्या आसपास जाईल आणि ७ मासे निवांत राहतील. साफ करताना हात तळापर्यंत पोचत नाही ही गैरसोय आहे, तेवढी सोसा.

सोबतच्या पुस्तिकेत पाणी २५ डिग्री आणि आठवड्याला १० टक्के बदला असं लिहिलंय. डिस्कसच्या नावाने विकलेल्या सेटमध्ये हे असायला नको होतं. ते वाचून कोणी १२ मासे टाकून आठवड्याला एक बादली बदलत बसला तर एक एक मासा जाताना बघेल आणि त्याला वाटेल डिस्कस फार नाजूक असतात. पाणी चांगलं असेल तर हा मासा १० वर्षं सहज जगतो. माझं आता आठवड्यातून दोनदा ४० टक्के चालू आहे, प्रत्येक वेळी चार बादल्या, क्लोरीन काढून, त्याच तापमानाचं करून. तुम्ही रोज अर्धं पाणी बदलणारे असाल तर ८ ही चालतील, ब्रीडर लोक तर याहून गच्च भरून पिल्लं वाढवतात. पण मग एक आठवडा गावाला जायचं म्हटलं तर काय? घरातल्या टँकचा आकडा आपल्या आळसाच्या आठवड्यावरून ठरवायचा, उत्साहाच्या नाही.

सोबत १२ कार्डिनल टेट्रा आणि ५ स्टर्बाय कोरी हे छोटे मासे आहेत, दोघांनाही हे गरम पाणी सोसतं. तेही घाण करतात, त्यांना हिशोबात धरा, ते आहेत म्हणून मी सातवा डिस्कस आणत नाही. एंजल फिश नको, खायला त्यांच्यापुढे डिस्कस मागे पडतो आणि त्यांच्याकडून परजीवीही येतात.

पिल्लं घेताना ६ ठेवायचे असतील तर ८ आणलेत तरी चालेल, कारण नर-मादी लहानपणी कळत नाही आणि एखादा भांडकुदळ निघतो, पण जास्तीचे दोन कुठे जाणार हे आणायच्या दिवशीच ठरलेलं असू दे. सगळे एकदम आणि एकाच आकाराचे आणा.

५ पैकी साडेतीन देते. एक स्टार त्या १२ च्या आकड्याचा गेला, अर्धा हीटरचा.

परवा त्या दादांकडे गेले होते. दिलेल्या चारपैकी तीन आता साडेसहा इंचाचे झालेत, ओळखू आले नाहीत मला. चौथा, जो सगळ्यात जास्त काळा पडला होता, तो साडेचार इंचावरच थांबलाय. डोळा अंगाच्या मानाने मोठा दिसतो. खातो छान, रंगही परत आलाय, पण वाढायचे महिने त्याचे माझ्याकडे गेले, ते आता परत मिळत नाहीत.