नैरोबीची ईस्टली : कापड, उंटाचे दूध आणि कुळांचा हिशोब

नैरोबीत नव्याने राहायला आलेल्या मराठी कुटुंबाला पडदे, चादरी, गालिचे किंवा प्रवासी बॅगा घ्यायच्या असतील, तर कोणीतरी ईस्टलीचे नाव सुचवते आणि लगेच 'पण एकट्या जाऊ नका' अशी पुस्तीही जोडते. सल्ल्याचा पहिला भाग निःसंशय खरा आहे. शहराच्या मध्यवस्तीतून 6 किंवा 9 क्रमांकाची मटाटू, म्हणजे खासगी मिनीबस, पकडली की गर्दी नसल्यास थोड्याच वेळात आपण पूर्व आफ्रिकेतल्या सर्वांत गजबजलेल्या घाऊक बाजारांपैकी एकात उतरतो. पुस्तीबद्दल पुढे लिहीनच. हे परीक्षण मी ग्राहक म्हणून लिहीत आहे; परंतु ईस्टलीत ग्राहकालाही फार काळ निव्वळ ग्राहक राहता येत नाही, कारण समोरचा दुकानदार कुठला आणि कोणाचा हे थोडेतरी उमगल्याशिवाय भाव का उतरला आणि कुठे अडला, याचा उलगडा होत नाही. सोमालियाच्या राजधानीवरून या सोमालीबहुल वस्तीला 'छोटे मोगादिशू' म्हणायची पद्धत आहे. ते नाव मला दिशाभूल करणारे वाटते, कारण त्यामुळे इथले सगळे सोमाली एका शहरातून आणि एका मनाने आले असावेत असा समज होतो.

मुळात ही वस्ती सोमालींची नव्हतीच. वसाहतीच्या काळात नैरोबीची आखणी वर्णानुसार झाली आणि ईस्टलीत प्रामुख्याने आशियाई लोक आले. त्यांत गुजराती आणि पंजाबी कुटुंबांच्या बरोबरीने आपले गोवेकरही होते. त्यांच्या शेजारी इसाक कुळाचे सोमालीही राहत होते. ब्रिटिश सोमालीलँड आणि एडनकडून ते सैनिक, अस्करी (वसाहती शिपाई) आणि गुरांचे व्यापारी म्हणून केनियात आले होते. 1930 च्या दशकात या इसाकांनी असा आग्रह धरला, की आम्हाला इतर सोमालींमध्ये न धरता आशियाई म्हणून गणावे आणि त्यासाठी आशियाई लोकांचा चढ्या दराचा डोईपट्टी कर भरायला आम्ही तयार आहोत. जास्त कर मागून घेणारे आंदोलन जगाच्या इतिहासात विरळाच म्हणायचे. स्थलांतरित सोमालींमधली आजची फूट 1991 च्या यादवीतून जन्मली असे सरसकट म्हटले जाते, पण ईस्टलीत ती त्याच्या अर्धशतकाआधीपासून नांदत होती.

जानेवारी 1991 मध्ये सोमालियात सियाद बर्रे यांची राजवट कोसळली आणि निर्वासितांचा लोंढा केनियात शिरला. गारिसा लॉज नावाच्या साध्या विश्रामगृहात उतरलेल्या लोकांनी आपापल्या खोल्यांतूनच माल विकायला सुरुवात केली. दिवसा पलंगावर माल आणि रात्री त्याच पलंगावर झोप. पुढे तिथल्या खोल्यांची दुकाने झाली, त्या नमुन्यावर एकामागून एक व्यापारी संकुले उभी राहिली, आणि आज त्याच वस्तीत बीबीएससारखा अवाढव्य, सरकत्या जिन्यांचा मॉल आहे. स्पष्ट सांगायचे तर खरेदीसाठी मला जुनी, कोंदट संकुलेच बरी वाटतात. मॉलमध्ये हवा खेळती असते, पण घासाघीस करायला वाव कमी असतो.

कापडाच्या बाबतीत ईस्टलीला तोड नाही. सोमाली स्त्रियांचा समारंभी पोशाख म्हणजे दिराक, अंगावर तरंगावा इतका तलम पायघोळ झगा. त्याच्या आत गोरगोरद हा चमकदार परकर आणि खांद्यावर गरबसार. या तिन्हींचे रंग जुळवण्यात एकेक बाई तास घालवते आणि दुकानदारीण तितक्याच चिकाटीने तागे उलगडत राहते. दुबई, चीन आणि भारतातून आलेला हा माल इथून युगांडा, टांझानिया आणि काँगोपर्यंत जातो. सुती व्हॉइलचा पोत चांगला असतो, रंग पहिल्या धुण्यात थोडा जातो, आणि पाच-सहा नग एकदम घेतले तर भाव लक्षणीय उतरतो. मुंबईच्या मंगलदास मार्केटमध्ये मुरलेल्या माणसाला इथे अजिबात परके वाटणार नाही.

एका गल्लीत शेजारीशेजारी बसणाऱ्या दोन विक्रेत्या माझ्या ओळखीच्या झाल्या आहेत. एकीचे माहेर सोमालीलँडमधल्या हर्गेसाचे, दुसरीचे दक्षिण सोमालियातल्या किसमायोचे. मे महिन्यात पहिलीच्या दुकानात हिरव्या-पांढऱ्या-लाल पट्ट्यांच्या ओढण्या टांगलेल्या असतात, कारण 18 मे 1991 रोजी सोमालीलँडने सोमालियापासून स्वतंत्र झाल्याची घोषणा केली. जून सरताना दुसरीच्या दारात आकाशी रंगावर पांढरी चांदणी झळकू लागते, कारण 1 जुलै 1960 रोजी उत्तरेची ब्रिटिश वसाहत आणि दक्षिणेचा इटालियन प्रदेश एकत्र येऊन सोमालिया हे प्रजासत्ताक बनले. पहिली दुसरीचा सण मानत नाही, दुसरीला पहिलीचा देशच मान्य नाही. आणि तरीही एकीला नमाजाला जायचे असले की दुसरी तिचा गल्ला सांभाळते. मी कुतूहलाने विषय काढला तेव्हा हर्गेसाची बाई एवढेच म्हणाली, "बहिणी, कापडाला झेंडा नसतो, तुला कोणता रंग देऊ?"

मात्र यावरून 'व्यापाराने सगळे भेद मिटवले' असा निष्कर्ष काढायची घाई करू नये. इथला व्यापार उभा राहिला तो मुख्यतः विश्वासावर, आणि तो विश्वास पहिल्यांदा कुळात शोधला जातो. दारोद, हविये, दिर, इसाक, रहन्वेन ही मोठी नावे. प्रत्येकात शाखा, उपशाखा आणि देणे-घेणे एकत्र फेडणारे भाऊबंद. ज्याच्याकडे ना गहाण ठेवायला जमीन ना बँकेत पत, त्या निर्वासिताला दुबईतून उधारीवर माल मिळाला तो त्याच्या नावामागे कोण उभे आहे हे विचारून. उधारी बुडाली तर वसुलीसाठी वडीलधाऱ्यांची बैठक बसते. बायकांची अयूतो ही बचतमंडळी मला त्यातल्या त्यात मोकळी वाटली. आपल्या भिशीसारखीच दरमहा ठरलेली रक्कम आणि पाळीपाळीने उचल, आणि सभासद पुष्कळदा एकाच मजल्यावरच्या, मग कूळ कोणतेही असो.

ज्यांच्यामागे बलदंड कूळ नाही त्यांचे काय, हा प्रश्न पर्यटकी लेखनात सहसा येत नाही. सोमालियाच्या राजकारणात 2000 सालच्या जिबूतीतील आर्ता परिषदेपासून साडेचारचे सूत्र चालत आले आहे : चार मोठ्या कुळसमूहांना (इथे इसाक दिरमध्येच धरतात) एकेक पूर्ण वाटा आणि उरलेल्या सर्व अल्पसंख्याकांना मिळून अर्धा. एकोणिसाव्या शतकात गुलाम म्हणून आणलेल्यांचे वंशज असलेले सोमाली बांटू या अर्ध्यात येतात. त्यांच्या केसांवरून त्यांना हिणवणारा 'जरीर' हा शब्द निर्वासित छावण्यांतही त्यांच्यामागे आला. अमेरिकेने 2003 पासून त्यांच्यातल्या बारा हजारांच्या आसपास लोकांना वसवायला घेतले, तेव्हा आधी त्यांना सुरक्षिततेसाठी केनियातल्याच दादाब छावणीतून दूरच्या काकुमा छावणीत हलवावे लागले होते. ईस्टलीच्या दर्शनी दुकानांत मला असे लोक मालकाच्या खुर्चीवर दिसलेले नाहीत. ही माझी मर्यादित पाहणी आहे, पण बाजाराची तारीफ करताना ती वगळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

दुसरी भेग परक्या माणसाला दिसतच नाही, ती केनियाचे सोमाली आणि सोमालियाचे सोमाली यांच्यातली. 2019 च्या जनगणनेत सुमारे 27 लाख 80 हजार केनियन नागरिकांनी आपली नोंद सोमाली अशी केली. गारिसा, वजीर, मंडेरा हे त्यांचे जिल्हे. सोमालियाच्या झेंड्यावरच्या चांदणीचे एक टोक याच प्रदेशासाठी आहे, आणि त्या टोकाची किंमत या लोकांनी 1960 च्या दशकातल्या, सोमालियात सामील होण्यासाठी झालेल्या शिफ्ता युद्धापासून मोजली. 1989 मध्ये सरकारने केवळ त्यांचीच वेगळी छाननी करून त्यांना गुलाबी ओळखपत्रे दिली. एप्रिल 2014 च्या 'उसलामा वॉच' मोहिमेत ईस्टलीतून हजारो लोकांना उचलून कासारानी क्रीडासंकुलात डांबले, तेव्हा नागरिक आणि निर्वासित हा फरक पोलिसांनी फारसा केला नाही. बाजारात मात्र तो रोज केला जातो. मोगादिशूकडून आलेले लोक इथल्यांना 'सिजुई' म्हणतात, म्हणजे ज्यांना धड सोमालीही येत नाही असे. उलट इथले लोक भाडे वाढले की निर्वासितांच्या नावाने बोटे मोडतात. ओळखपत्रासाठीची वेगळी छाननी बंद करण्याची घोषणा थेट 2025 मध्ये झाली. मला बॅगा विकणाऱ्या गारिसाच्या गृहस्थांनी ती बातमी मोबाइलवर दाखवली आणि पाकिटातून आजोबांचा जुना कागद काढून तो अजून जपून ठेवला असल्याचे सांगितले.

आता खाण्याबद्दल. सोमाली जेवणाचा मुख्य पदार्थ म्हणजे बरीस, लांब दाण्याचा, दालचिनी-वेलदोड्याच्या हवाश मसाल्यात शिजवलेला भात, त्यावर बोकडाचे मऊ मांस आणि शेजारी सोललेले केळे. भाताच्या घासाबरोबर केळ्याचा तुकडा खायचा असतो. हे ऐकून आपल्याकडचे लोक नाक मुरडतात आणि खाऊन पाहिल्यावर गप्प बसतात. हिरव्या मिरचीची बसबास ही चटणी जपून घ्यावी. इटालियन अमलाची खूण म्हणून बास्तो, म्हणजे स्पॅगेटी, सर्वत्र मिळते, आणि एकाच लांबट ताटात अर्धा भात व अर्धी स्पॅगेटी मागवता येते. या ताटाला 'फेडरेशन' म्हणतात. साडेचारच्या देशात निदान इथे तरी वाटणी निम्मी-निम्मी होते. चवीच्या दृष्टीने मला ती तडजोडच वाटली. भात उत्तम, पण स्पॅगेटी बहुधा जास्त शिजलेली. साध्या उपाहारगृहात मांसासह एका ताटाला पाचशे ते आठशे शिलिंग पडतात आणि ते दोघांना पुरते. शाकाहाऱ्यांनी सकाळी जावे, तेव्हा अंजेरो हे आंबवलेल्या पिठाचे जाळीदार घावन साखर-तुपाबरोबर मिळते, आणि चवळीच्या डाळीची बजिये म्हणजे आपली भजीच. एका उपाहारगृहात, ज्याचे नाव मी लिहीत नाही, कुटुंबकक्ष म्हणून आम्हाला खिडकी नसलेल्या, पडदे ओढलेल्या कोपऱ्यात बसवले आणि पुरुषांच्या दालनातली सगळी ताटे वाढून होईपर्यंत आमच्याकडे कोणी फिरकले नाही. असा अनुभव सगळीकडे येत नाही, पण स्त्रियांनी बसण्याआधी जागा पाहून घ्यावी.

सर्वांत आवडीची खरेदी मात्र उंटाच्या दुधाची. उत्तरेच्या इसिओलोकडच्या बायका ते गोळा करून बसने ईस्टलीला पाठवतात, आणि इथल्या विक्रेत्या पिवळ्या कॅनमधून मापाने विकतात. भांडी लाकडाच्या धुराने धुपवलेली असल्यामुळे दुधाला धुराचा खमंग वास असतो. सकाळी लवकर घेतलेले दूध गोड लागते, उशिराचे आंबुस. पुष्कळ सोमाली ग्राहक मुद्दाम आंबुसच मागतात. घरी आणून उकळूनच प्यावे. या दुधाबाबत मला कोणताही वाद ऐकू आला नाही. हर्गेसा, किसमायो आणि गारिसा तिघेही आपापल्या भागातले दूध श्रेष्ठ सांगतात आणि विकत घेतात ते इसिओलोचे.

पैसे पाठवण्याच्या हवाला कचेऱ्या हा बाजाराचा कणाच आहे. लंडन, मिनियापोलिस, टोरांटोहून आलेला पैसा इथे उतरतो आणि पुढे जातो. एप्रिल 2015 मध्ये गारिसा विद्यापीठावरील हल्ल्यानंतर केनिया सरकारने 13 कंपन्यांचे परवाने निलंबित केले, तेव्हा जूनमध्ये ते परत मिळेपर्यंत अनेक घरांच्या चुली अडचणीत आल्या होत्या. सेवा म्हणून वेग वाखाणण्याजोगा आहे.

पैशांबरोबर पाश्चात्त्य देशांतून मुलेही येतात. परदेशात वाढलेला मुलगा हाताबाहेर जातो आहे असे वाटले की त्याला 'धकन एलिस'साठी, म्हणजे संस्कृतीकडे परत वळवण्यासाठी, इथे धाडतात. काही चांगल्या शाळेत जातात, काही कोंडून ठेवणाऱ्या, मारहाणीच्या तक्रारी असलेल्या संस्थांत. एका चहाच्या टपरीवर बर्मिंगहॅमच्या ढंगाचे इंग्रजी बोलणारा असाच एक पोरगा भेटला. त्याला कूळ विचारले की तो आईचे सांगतो, कारण वडिलांचे सांगितले तर त्या टपरीवर उधारी मिळत नाही, असे तो हसत म्हणाला. सोमालींमध्ये कूळ वडिलांकडून येते, त्यामुळे ही लबाडी फार दिवस टिकण्यासारखी नव्हती.

एकट्या जाण्याबद्दल : दिवसा, मुख्य रस्त्यांवर, मला भीतीचे काही जाणवलेले नाही, मोबाइल मात्र हातात मिरवू नये आणि विचारल्याशिवाय कोणाचाही फोटो काढू नये. पावसाळ्यात गल्ल्यांत गटाराचे पाणी साचते, त्यामुळे चपलांऐवजी बूट बरे. शुक्रवारी दुपारी बहुतेक दुकाने नमाजासाठी बंद असतात. पैसे एम-पेसाने, म्हणजे मोबाइलवरून, द्यावेत आणि पावती मागून घ्यावी, कारण बदलून देण्याच्या बाबतीत बरेच दुकानदार ऐनवेळी विसराळू होतात. दिराकचे कापड घेऊन तिथल्याच शिंप्याकडे टाकणार असाल, तर शिलाईचा आणि परकराचा भाव वेगवेगळा ठरवावा, नाहीतर कापडात वाचवलेले शिलिंग झालरीत जातात.