अनोळखी पक्ष्यासाठी फोन, दुर्बीण की कॅमेरा: निवड करण्यापूर्वी

घरामागच्या झाडावर कधी न पाहिलेला पक्षी येऊन बसला की तो कोणता हे कळावे आणि त्याचे चांगले छायाचित्रही मिळावे, असे एकाच वेळी वाटते. या दोन्ही गोष्टी एकाच साधनाने साधतील असे धरून खरेदीला निघालेल्याची पुढे पंचाईत होते, कारण ओळख पटवण्यासाठी लागणारे छायाचित्र वेगळे आणि भिंतीवर लावण्याजोगे वेगळे. चोचीचा आकार, डोळ्यावरची भुवई, पंखावरची पट्टी, शेपटीची लांबी आणि शेपटीच्या बुडाचा रंग एवढे दिसले की ओळखीचे काम बहुधा होते; मग फांदी आडवी आली असेल किंवा पार्श्वभूमी पांढरीफटक पडली असेल तरी बिघडत नाही. म्हणून आपल्याला आधी काय हवे आहे ते ठरवून मगच पुढची तुलना वाचावी.

सगळ्या साधनांना एकच कसोटी लावू. साधारण १५ सेंटिमीटर लांबीची चिमणी आपल्यापासून १० मीटरवर बसली आहे असे समजा. फोनच्या मुख्य कॅमेऱ्याची फोकल लेन्थ (हा आकडा जितका मोठा, तितका पक्षी चित्रात मोठा) पूर्ण चौकटीच्या, म्हणजे ३६ × २४ मिमी सेन्सरच्या (प्रकाश टिपणाऱ्या भागाच्या) हिशेबाने २४ ते २६ मिमी असते, त्यामुळे १२ मेगापिक्सेलच्या छायाचित्रात ही चिमणी जेमतेम ४० पिक्सेल लांबीची उमटते. एवढ्यात पक्षी आहे हे समजते, पण कोणता ते समजत नाही. बोटांनी चित्र मोठे करत नेले तर ते मोठे दिसते, पण त्यात तपशिलाची भर पडत नाही. उलट फोनमधली प्रक्रिया पिसांवरच्या बारीक रेषा पुसून गुळगुळीत करते आणि कधी कडांना नसलेली धार आणते. ओळखीच्या दृष्टीने हे अस्पष्टतेपेक्षाही वाईट, कारण जी खूण मुळात नव्हती तिच्यावरून आपण अनुमान बांधू लागतो. स्वतंत्र टेलिफोटो, म्हणजे लांबचे जवळ आणणारी, लेन्स असलेल्या फोनमध्ये परिस्थिती सुधारते, मात्र पक्षी तीन-चार मीटरवर यायला हवा ही अट फारशी सुटत नाही.

फोनच्या जोडीला ८×४२ ची दुर्बीण आली की चित्र पालटते. या आकड्यांपैकी ८ ही वर्धनक्षमता आणि ४२ हा पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधला व्यास. फोनची लेन्स दुर्बिणीच्या नेत्रिकेवर, म्हणजे डोळा लावायच्या भिंगावर, नीट टेकवली तर तीच चिमणी आठपट मोठी, म्हणजे ३५० पिक्सेलच्या आसपास मिळते आणि तेवढ्यावर भुवई आहे की नाही हे सांगता येते. सुरुवातीला चित्राभोवती काळे वर्तुळ येते; दुर्बीण खिडकीच्या चौकटीवर टेकवून फोन किंचित पुढे-मागे सरकवला आणि झूम थोडा वाढवला की ते नाहीसे होते. हे जमायला सराव लागतो आणि चळवळ्या पक्ष्यापुढे हा उपाय पुष्कळदा हरतो, हे खरे. तरीही ओळखीला प्राधान्य देणाऱ्याने पहिली खरेदी दुर्बिणीचीच करावी असे माझे स्पष्ट मत आहे, कारण छायाचित्र निघाले नाही तरी पक्षी पाहून झालेला असतो, आणि कॅमेऱ्याशी झटापट करण्यात पक्षीच पाहायचा राहून जातो तसे येथे होत नाही.

मोठ्या झूमचे, लेन्स न बदलणारे कॅमेरे ही मधली वाट. २०१५ साली आलेल्या निकॉन कूलपिक्स पी९०० या कॅमेऱ्याचा झूम ८३ पट, म्हणजे २४ पासून २००० मिमीपर्यंत होता. २०१८ च्या पी१००० मध्ये तो ३००० मिमीपर्यंत गेला. २००० मिमीवर आपली चिमणी जवळजवळ अख्खी चौकट व्यापते, आणि ओळखीसाठी याहून अधिक काही मागण्याची गरज नाही. याची किंमत प्रकाशात मोजावी लागते. या कॅमेऱ्यांचा सेन्सर सुमारे ६.२ × ४.६ मिमी असतो, तर पूर्ण चौकटीचा ३६ × २४ मिमी. क्षेत्रफळात ही तफावत तीसपट पडते. भर उन्हात फरक सहज लक्षात येत नाही, पण गर्द पानांच्या सावलीत किंवा संध्याकाळी पिसांवर रवाळपणा येतो आणि बारीक नक्षी हरवते. दुसरी अडचण पक्षी सापडण्याची. एवढ्या झूमवर दिसणारा टापू इतका लहान असतो की पक्ष्याने एक फांदी बदलली तरी तो हातचा जातो. झूम क्षणभर मागे नेऊन पुन्हा मूळ जागी आणणारे बटण काही कॅमेऱ्यांत असते. खरेदी करताना इतर वैशिष्ट्यांआधी ते आहे का, हे पाहावे.

लेन्स बदलता येणारा कॅमेरा आणि त्यावर ६०० मिमीपर्यंतची लेन्स ही जोडी दर्जात सर्वांच्या पुढे आहे, याबद्दल वाद नाही. ६०० मिमीवर चिमणी पूर्ण चौकटीच्या रुंदीचा चौथा हिस्सा व्यापते, म्हणजे झूम कॅमेऱ्यापेक्षा चौकटीत बरीच लहान दिसते, पण तेवढ्या भागात प्रत्येक पीस सुटे उमटते, मंद प्रकाशातही काम निभावते आणि उडणाऱ्या पक्ष्यावर फोकस टिकतो. मात्र १५० ते ६०० मिमीच्या लेन्सचेच वजन दोन किलोच्या घरात जाते. कपाटात पडून राहिलेल्या अशा लेन्सपेक्षा खिडकीजवळ टांगलेली दुर्बीण अधिक पक्षी ओळखून देते. ज्याला छायाचित्रणाचीच गोडी आहे आणि जो पहाटे उठून तासभर एका जागी बसणार आहे, त्यानेच या वाटेला जावे.

साधन कोणतेही असो, एका सुंदर चित्रापेक्षा वेगवेगळ्या बाजूंनी घेतलेली तीन साधी चित्रे ओळखीला अधिक उपयोगी पडतात: एक बाजूचे, एक पोटाकडचे आणि जमल्यास एक पाठीचे. लालबुड्या बुलबुलाची ओळख पटवायला बुडाखालचा लाल डाग मदत करतो. समोरून घेतलेल्या देखण्या चित्रात नेमका तोच झाकला जातो. आभाळापुढे बसलेला पक्षी काळा पडतो, म्हणून कॅमेऱ्यात एक्स्पोजर, म्हणजे चित्राचा उजेड, एक पायरी वाढवावे. फोनवर पक्ष्यावर बोट टेकवून उजेडाची पट्टी वर सरकवावी. बसलेल्या पक्ष्याला १/५०० सेकंद शटर पुरते, उडत्याला १/१६०० किंवा त्याहून वेगवान लागते. रंगावर मात्र फार विसंबू नये. हिरव्या पानांखाली पांढरे पोटही हिरवट दिसते, मावळतीच्या उन्हात करड्यावर तांबूस झाक चढते, आणि सूर्यपक्ष्याची झळाळी पिसांच्या रचनेतून येत असल्यामुळे कोन बदलताच ती विझून पक्षी काळा वाटतो.

आता ओळखीची साधने. कॉर्नेल पक्षीविज्ञान प्रयोगशाळेचे मर्लिन हे मोफत अ‍ॅप ठिकाण, तारीख, आकार, ठळक रंग आणि वर्तन विचारून संभाव्य पक्ष्यांची यादी देते, छायाचित्रावरून सुचवते आणि २०२१ पासून आवाजावरूनही नाव सांगते. पानांआड लपून ओरडणाऱ्या पक्ष्यासाठी आवाजाची सोय छायाचित्रापेक्षा सरस ठरते, फक्त इतरांची नक्कल करणाऱ्या पक्ष्यांपुढे ती चकते. अ‍ॅपचा कल त्या परिसरात त्या महिन्यात सहसा दिसणाऱ्या पक्ष्यांकडे असतो. त्यामुळे पिंजऱ्यातून सुटलेला किंवा वाट चुकून आलेला पाहुणा त्याच्या यादीतून निसटू शकतो. छापील मार्गदर्शक पुस्तकाला वेळ लागतो, पण नर, मादी, पिल्लू आणि सारखे दिसणारे इतर पक्षी एकाच पानावर शेजारी शेजारी असल्याने तुलना आपोआप घडते. कोकिळाचा काळा नर आणि ठिपक्यांची तपकिरी मादी हे दोन वेगळे पक्षी आहेत असे वाटणाऱ्याला पुस्तकाचे ते एक पान पुरते. मी तरी अ‍ॅपने सुचवलेले नाव पुस्तकात पडताळल्याशिवाय वहीत लिहीत नाही.

दोन्हींनंतरही शंका उरली तर आयनॅचरलिस्ट या सजीवांच्या नोंदींच्या संकेतस्थळावर नोंद टाकावी, तेथे माणसे पाहतात. ओळख देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांशांहून अधिक जणांचे प्रजातीवर एकमत झाले आणि तारीख, स्थळ व पुरावा नोंदीत असला, तर ती संशोधनयोग्य मानली जाते. म्हणून मूळ फाइल वेळेसह जपून ठेवावी, कापलेले चित्र वेगळे जतन करावे आणि पक्षी घरट्यावर असेल तर जवळ जाऊन चित्र घेण्याचा विचार सोडून लांबूनच दुर्बिणीने पाहावे.