दोन मिनिटांत चकाचक हेडलाइट: बाराशे रुपये गेले आणि दिवेही गेले

पुणे-सातारा रस्त्यावर एका पेट्रोल पंपाबाहेर हवा भरायला थांबलो होतो. खांद्याला पिशवी अडकवलेला एक मुलगा जवळ आला. "साहेब, हेडलाइटची काच किती पिवळी पडलीय! अर्धी फुकट करून दाखवतो, पटलं नाही तर एक पैसा देऊ नका." मी हो म्हणायच्या आत त्याने फडक्यावर बाटली उपडी करून हात फिरवलासुद्धा. अर्धा दिवा लख्ख, अर्धा पिवळा. भाव विचारला, "दीडशे" म्हणाला. काम झाल्यावर कळलं, दीडशे एका 'हाता'चे, आणि प्रत्येक दिव्याला चार हात दिलेत. तोवर त्याचे दोन साथीदार गाडीला टेकून उभे होते. आई मागच्या सीटवर. बाराशे दिले आणि निघालो.

नेलपॉलिश रिमूव्हरसारखा उग्र वास येत होता. तेव्हाच थांबवायला हवं होतं.

पंधरा दिवसांत पिवळेपणा परत आला. वर प्लास्टिकमध्ये कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा. नखाला लागत नव्हत्या, पुसून जात नव्हत्या. पावसात रात्री खंबाटकी घाट उतरताना उजेड नुसता फाकत होता, रस्त्याच्या कडेचा पांढरा पट्टा दिसेना. पैशांपेक्षा त्या रात्रीचा राग मला जास्त आहे.

गॅरेजवाल्या काकांनी दिव्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "ही काच नाहीच, पॉलिकार्बोनेट नावाचं प्लास्टिक आहे." त्यावर उन्हापासून वाचवणारा पातळ, कडक थर असतो. तो झिजला की प्लास्टिक पिवळं पडतं, खरखरीत होतं. ॲसिटोन (नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये असतं ते) किंवा थिनर लावलं की पृष्ठभाग किंचित विरघळतो, ओरखडे भरून आल्यासारखे दिसतात, पण प्लास्टिक तडकतं. अशा चिरा पॉलिशने जात नाहीत. मला दोन्ही दिवे बदलावे लागले.

नीट कामाला तास-दीड तास लागतो. पाणी मारत आधी 800 नंबरचा पॉलिश पेपर, मग 1500, मग 2000, त्यानंतर रबिंग कंपाउंड म्हणजे घासून चमक आणणारी पेस्ट, आणि शेवटी अतिनील किरण अडवणारा क्लिअर कोट. हा कोट नसेल तर घासलेला दिवा लवकरच पुन्हा पिवळा पडतो. म्हणून कुणी पॉलिश करतो म्हणाला तर आधी विचारा, "शेवटी कोट कोणता मारणार?" भाव 'हाता'वर नाही, दोन्ही दिव्यांचा मिळून ठरवा. आणि फुकटात अर्धा दिवा करून घेऊ नका, कारण तो अर्धा झाला की उरलेला तसाच सोडून कुणी जात नाही.