दोन टीबीची पोर्टेबल हार्ड डिस्क : चौदा महिन्यांनंतरचा अनुभव

इंदूरच्या आरएनटी मार्गावरील संगणक बाजारातून ही डिस्क साडेपाच हजारांना घेतली, तेव्हा आठवडाभरातच मी तिला पाच तारे देऊन मोकळा झालो होतो. आता त्यांचा फेरविचार करीत आहे. वेग आणि आकार सर्वांना ठाऊक असल्यामुळे त्यात शिरत नाही. मला बोलायचे आहे ते केबलविषयी.

सोबत मिळणारी केबल जेमतेम दोन विती लांब आहे. आमच्या संगणकाचे चालू अवस्थेतील पोर्ट मागच्या बाजूला, टेबलाखाली असल्यामुळे डिस्क ना टेबलावर पोहोचते, ना जमिनीवर टेकते. म्हणून ती बुटांच्या रिकाम्या खोक्यावर ठेवावी लागते. डिस्ककडचे टोक म्हणजे यूएसबी ३.० चे ते रुंद, चपटे, मध्ये खाच असलेले मायक्रो-बी. केबलचा ताण सतत त्याच्यावर येतो आणि ते ढिले होत जाते. आठव्या महिन्यापासून नुसता झाडू लागला तरी डिस्क सुटल्याचा आवाज येई आणि मी खाली वाकून टोक पुन्हा दाबून बसवी.

गणपतीत आरतीचे व्हिडिओ चढवताना ती अशीच सुटली. पुन्हा जोडल्यावर, डिस्क वापरण्यासाठी आधी फॉरमॅट करावी, म्हणजे नव्याने कोरी करून घ्यावी लागेल, अशी सूचना आली आणि पाहुणे दारात असताना मी घाईत होकार दिला. त्या डिस्कवर घरातले सगळे फोटो होते, शिवाय आजोबांच्या कीर्तनाच्या वह्यांची सौभाग्यवतींनी दोन उन्हाळे बसून स्कॅन केलेली सहाशेच्या वर पाने होती. संगणकावर जागा हवी म्हणून मी ती तिथून काढून डिस्कवर हलवली होती आणि यालाच बॅकअप म्हणत होतो.

सेवा केंद्रात वाद झाला. ‘भाईसाहब, वारंटी डिस्क की है, डेटा की नहीं,’ हे एकच वाक्य काउंटरवरचा मुलगा तीनदा म्हणाला. डिस्क बदलून मिळेल, पण जुनी तिथेच सोडावी लागेल. माहिती काढून हवी असल्यास अठरा हजार वेगळे. साडेपाच हजारांच्या वस्तूसाठी अठरा हजार! मी डिस्क पिशवीत घालून घरी आलो आणि कंपनीविरुद्ध दोन पाने तक्रार लिहून ठेवली. ती पाठवली नाही, हे बरे झाले.

कारण फॉरमॅट ‘क्विक’ होते. त्यात फाइलींची नोंदवही नव्याने मांडली जाते, मजकूर जागेवरच राहतो. व्हिस्टापासूनच्या विंडोजमध्ये पूर्ण फॉरमॅट मात्र सगळीकडे शून्ये लिहीत जाते. फिरत्या तबकडीऐवजी चिपवर माहिती ठेवणाऱ्या एसएसडीवर, मोकळी झालेली जागा लगेच साफ करायला लावणाऱ्या ‘ट्रिम’ सोयीमुळे, क्विक फॉरमॅटनंतरची आशाही बहुधा उरली नसती. मी डिस्कवर नवे काहीही लिहिले नाही. केबलही बदलली. मोबाइलच्या जुन्या चार्जरची साधी मायक्रो यूएसबी वायर त्या रुंद खाचेच्या मोठ्या अर्ध्या भागात चपखल बसते, हे फार थोड्यांना माहीत असते. वेग यूएसबी २.० चा मिळतो, पण डिस्क एकदाही सुटली नाही. म्हणजे दोष डिस्कचा नव्हताच. डिस्कची तब्येत तपासणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्राममध्येही तिची प्रकृती ठणठणीत दिसली.

एका विकतच्या सॉफ्टवेअरच्या चाचणी आवृत्तीने जुन्या फोल्डरांची नावेसुद्धा दाखवली, पण फाइली द्यायला पैसे मागितले. मी फुकटचे फोटोरेक घेतले. ते नोंदवहीकडे पाहतच नाही. प्रत्येक फाइलीच्या सुरुवातीच्या खुणा ओळखून ती उचलते आणि दुसऱ्या डिस्कवर ठेवते. संथ वायरीमुळे सोळा-सतरा तास लागले. मध्ये लाइट गेली, तरी जिथे थांबले होते तिथूनच पुढे सुरू करता आले. फाइली मिळाल्या, नावे गेली: सगळ्यांच्या माथी एफ आणि लांबलचक आकडा. काही व्हिडिओ तुटके निघाले.

या बचतीचा भुर्दंड सौभाग्यवतींना पडणार, अशी माझी खात्री होती. परंतु तो आकडा म्हणजे डिस्कवर फाइल सापडली त्या जागेचा क्रमांक असतो, आणि स्कॅन एकामागून एक साठवलेले असल्यामुळे पाने बव्हंशी वहीच्याच क्रमाने लागलेली होती. त्यांनी कोपऱ्यातले शाईचे पृष्ठांक पाहत दोन दुपारींत सगळे जुळवले. फोटोंच्या तारखा फोटोंच्या आतच असल्यामुळे तेही वर्षवार लागले.

आता विंडोजमधलीच फाइल हिस्टरी ही बॅकअपची सोय चालू केली आहे, ती तासातासाला बदललेल्या फाइली या डिस्कवर घेते. दुसरी डिस्क धाकट्या बहिणीकडे देवासला असते आणि दर दोन-तीन महिन्यांनी तिची या डिस्कशी अदलाबदल होते. लांब केबल साडेतीनशेला मिळाली. डिस्कला चार तारे, सोबतच्या केबलला एकही नाही. तिसऱ्या वहीची अकरा पाने सापडली नाहीत; मूळ वही रामबागेत काकूंकडे आहे, ती येत्या रविवारी आणायची आहे.