'नॅपकिन' टाकलं की गडबड: टॉवेलच्या लेबलांसाठी मोबाइलमधलं फुकट भाषांतर ॲप

ब्राझील किंवा पोर्तुगालच्या ऑर्डरचं लेबल करायचं असेल तर 'टॉवेल' हा शब्द ॲपला सहज जमतो. पोर्तुगीजमध्ये उत्तर येतं 'तोआल्या', आणि ते बरोबर आहे. हिंदीतला तौलिया याच शब्दातून आला. मात्र टेबलावर अंथरायच्या कापडालाही तोआल्याच म्हणतात, म्हणून लेबलावर पूर्ण 'तोआल्या द बान्यो', म्हणजे अंघोळीचा टॉवेल, असंच छापावं.

खरा घोळ नॅपकिनचा. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत नॅपकिन म्हटलं की हात-तोंड पुसायचा छोटा टेरी, म्हणजे धाग्याच्या उभ्या फाशांचा, टॉवेल. ॲप त्याचं 'ग्वार्दानापो' करतं, म्हणजे जेवणाच्या टेबलावरचा रुमाल, कापडी किंवा कागदी. मग 'फेस टॉवेल' टाकून बघितलं तर 'तोआल्या द रोस्तो' मिळतं. शब्दाला शब्द जुळतो, माप जुळत नाही: ब्राझीलमध्ये या नावाचा टॉवेल साधारण ५०×८० सेंटिमीटरचा असतो. इंग्रजी यादीत 'फेस टॉवेल' म्हणून असलेला ३०×३० सेंटिमीटरचा चौकोनी तुकडा या नावाने गेला तर माल परत येण्याचीच लक्षणं. नावाशेजारी माप छापणं म्हणूनच सक्तीचं समजा.

'टर्किश टॉवेल', म्हणजे आपला टेरी टॉवेलच, त्याचंही तसंच. पोर्तुगालमध्ये टेरी कापडाला 'तुर्को' म्हणतात, तिथे खपून जाईल. ब्राझीलमध्ये तो तुर्कस्तानचा माल वाटेल आणि खाली भारतात बनवल्याचा शिक्का! तिथे 'फेल्पूदा', म्हणजे मऊ लवदार, लिहावं. मोठ्या 'बाथ शीट'साठी पोर्तुगालला 'लेन्सोल द बान्यो' चालतं. ब्राझीलमध्ये लेन्सोल म्हणजे पलंगावरची चादर. म्हणून सेटिंगमध्ये पोर्तुगीजचा देश निवडायची सोय असेल तर ती आधी बघा.

सोलापुरी चादरीवर ॲप साफ हरतं. 'बेडशीट' टाकलं की पातळ लेन्सोल येतं. आपली जाड, पांघरायची जॅकार्ड, म्हणजे विणीतच नक्षी असलेली, चादर 'मांता' किंवा 'कोल्शा' या शब्दांच्या जवळ जाते, आणि सोबत 'द आल्गोदांव', म्हणजे सुती, जोडलं की ग्राहकाला नेमकं कळतं.

आणखी एक चूक हमखास होते. एक्सेलच्या रकान्यातले शब्द सुटे सुटे टाकले की पांढऱ्यासाठी 'ब्रांको' येतं. तोआल्या स्त्रीलिंगी आहे, तिथे 'ब्रांका' हवं, अनेकवचनात 'तोआल्यास ब्रांकास'. 'व्हाइट कॉटन बाथ टॉवेल, ७०×१४० सेंटिमीटर' असं सलग टाकलं की ॲप लिंग-वचन नीट सांभाळतं. इथे त्याचं मनापासून कौतुक.

एकंदर पाचपैकी तीन. वाक्याला चांगलं, सुट्या शब्दाला धोक्याचं. ऑफलाइन पॅकवर, म्हणजे इंटरनेटशिवाय चालणाऱ्या भाषांतरावर, लेबल करूच नका. आलेला शब्द त्या देशाच्या ऑनलाइन दुकानात शोधा. फोटोत आपल्यासारखाच टॉवेल आणि तेच माप दिसलं, तरच छपाईला पाठवा. ब्राझीलला कोणता धागा किती टक्के, मूळ देश आणि धुण्याच्या सूचना लेबलावर असाव्याच लागतात, आणि लिहिलेला मजकूर पोर्तुगीजमध्ये. तो मजकूर खरेदीदाराकडून तपासून घेतल्याशिवाय लेबलं विणायला टाकू नयेत.