विंडोज ११ टाकायचंय? आधी हार्ड डिस्क बदला, मग बोलू

आधी निकाल सांगून टाकते. विंडोज ११ ला माझ्याकडून तीन स्टार आणि ज्या एसएसडीवर (चिपवाल्या, न फिरणाऱ्या डिस्कवर) ते टाकलं तिला पाच. मला स्वतःला मात्र एकही नाही, कारण दुपारभरात उरकणारं काम मी दोन रविवार घालवून केलं, तेही एकच गोष्ट उलट्या क्रमाने केली म्हणून. ते पुढे येईलच.

मशीन म्हणजे घरचा डेस्कटॉप. इंटेल आय५ ८४००, ८ जीबी रॅम, १ टीबीची साधी फिरणारी हार्ड डिस्क आणि त्यावर विंडोज १०. टायपिंग, पीडीएफ, ब्राउझरमध्ये कायम पंचवीसेक टॅब उघडे, आणि लेकाचं अधूनमधून व्हिडिओ एडिटिंग. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला तेव्हा मी पण बऱ्याच जणांसारखी एक वर्षाची मुदतवाढ घेऊन मोकळी झाले, म्हटलं सिक्युरिटी अपडेट येतायत ना, बघू पुढचं पुढे. पण मशीन इतकं रडायला लागलं होतं की सकाळी बटण दाबून मी चहा टाकायला जायचे, चहा पिऊन व्हायचा तरी हार्ड डिस्कचा दिवा लुकलुकतच असायचा. टास्क मॅनेजर उघडला की डिस्क १०० टक्के, प्रोसेसर ६ टक्के. म्हणजे प्रोसेसर बिचारा रिकामा बसलाय आणि सगळे डिस्कची वाट बघतायत.

तरी पण मी काय केलं, आधी पीसी हेल्थ चेक, म्हणजे मशीनवर ११ चालेल का हे सांगणारं मायक्रोसॉफ्टचं ॲप, चालवलं. लाल फुली. टीपीएम २.० नाही म्हणे. भाच्याने तिथल्या तिथे जाहीर केलं, "मावशी, हे भंगारात काढ आणि नवीन घे." आणि इथेच खूप जण फसतात असं माझं मत आहे. टीपीएम म्हणजे एनक्रिप्शनच्या चाव्या वगैरे जपून ठेवणारा भाग, तो वेगळी चिप म्हणूनच असायला हवा असं काही नाही, गेल्या काही वर्षांतल्या प्रोसेसरमध्ये तो फर्मवेअरमधूनच, म्हणजे आतल्याच पक्क्या सॉफ्टवेअरमधून, मिळतो, फक्त जुन्या बऱ्याच बोर्डांवर बंद करून ठेवलेला असतो. इंटेलच्या बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये) त्याचं नाव पीटीटी, एएमडीच्या बायोसमध्ये एफटीपीएम, आणि नुसतं टीपीएम नावाने शोधत बसलात तर बऱ्याचदा सापडणार नाही. मी तो चालू केला, विंडोज आणि आर दाबून टीपीएम डॉट एमएससी टाकून पाहिलं, स्पेसिफिकेशन व्हर्जन २.०. झालं की! टीपीएमच्या पेपरात भंगार एका मिनिटात पास.

खरी भिंत आहे ती प्रोसेसरच्या यादीची. इंटेल असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढे (माझा ८४०० म्हणजे आठवीच), एएमडी असेल तर रायझन २००० पासून पुढे, दोन्हीकडे थोडेफार अपवाद. आता गंमत बघा, आय७ ७७०० सारखा चार कोरचा दणकट प्रोसेसर यादीत नाही, आणि सेलेरॉन एन४०२० सारखा मरतुकडा, ज्याच्यावर दोन टॅब उघडले की धाप लागते, तो यादीत आहे. घोडा नापास आणि गाढव पास. कारण सुरक्षेचं आहे, नवीन प्रोसेसरमध्ये काही संरक्षणं हार्डवेअरमध्येच असतात ती जुन्यात एकतर नसतात नाहीतर चालवली की वेग खातात, हे मला समजतं, पण ज्याच्या घरी सातव्या पिढीचं धडधाकट मशीन आहे त्याला जाऊन हे समजावून दाखवा. बाकी अटी म्हणजे १ गिगाहर्ट्झचा दोन कोरचा प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, यूईएफआय (बायोसची नवी पद्धत) आणि सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय). त्यातलं ४ जीबी वाचून मला हसू येतं. चालतं हो, पेशंट जिवंत असतो एवढंच. ८ च्या खाली जाऊच नका, आणि मी ८ ची आणखी एक स्टिक टाकून १६ केले, दोन स्टिक जोडीने लागल्या की ड्युअल चॅनल, म्हणजे मेमरीला दुप्पट रुंद रस्ता, मिळतं तो फायदा वेगळा.

आता एसएसडी. बोर्डावर एम.२ चा (पट्टीसारखी एसएसडी बसवायचा) स्लॉट होता म्हणून ५०० जीबीची एनव्हीएमई, म्हणजे जास्त वेगवान प्रकारची एसएसडी, घेतली. साइज २२८० बघून घ्या, म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ८० लांब, आणि स्लॉट एनव्हीएमई घेतो की फक्त साटा (जुना, कमी वेगाचा प्रकार) हे बोर्डाच्या मॅन्युअलमध्ये बघा, दिसायला दोन्ही सारखेच दिसतात. बसवायला सोपी आहे, तिरकी घुसवायची, खाली दाबायची आणि एक स्क्रू. हा जो स्क्रू आहे ना, तो तांदळाच्या दाण्याएवढा असतो, माझा सुटला आणि टण्णकन आवाज करत बोर्डाच्या मागे गेला. आता धातूचा स्क्रू बोर्डाखाली ठेवून वीज चालू करायची म्हणजे शॉर्ट व्हायची भीती, म्हणून अख्खी कॅबिनेट आडवी करून, हलवून, टॉर्च मारून मी आणि लेक पाऊण तास शोधत होतो, शेवटी पॉवर सप्लायच्या कोपऱ्यात सापडला. स्क्रूड्रायव्हर चुंबकवाला घ्या. कृपा करून घ्या.

बरं, मग मी हुशारीने जुन्या डिस्कचं क्लोन, म्हणजे जशीच्या तशी नक्कल, नवीन एसएसडीवर केलं. साडेतीन तास. १०० टक्के झालं, रीस्टार्ट केलं, आणि बूटच्या यादीत नवीन डिस्कच नाही. सैल व्हायला केबल नाही, काही नाही, बायोसमध्ये डिस्क दिसतेय पण बूटसाठी निवडता येत नाही. संपूर्ण संध्याकाळ मी दुकानदाराला मनातल्या मनात शिव्या घातल्या, डिस्कच खराब दिली म्हणून, आणि त्या बिचाऱ्याचा काहीच दोष नव्हता. माझं विंडोज १० लेगसी मोडमध्ये, म्हणजे बायोसच्या जुन्या पद्धतीने, टाकलेलं होतं, जुन्या एमबीआर पद्धतीच्या डिस्कवर, आणि लेगसीमध्ये एनव्हीएमईवरून बूट करायला बहुतेक बोर्ड तयारच नसतात. म्हणजे आधी जुनी डिस्क जीपीटी (डिस्कचे भाग नोंदवायच्या नव्या पद्धतीची) करायची, बायोस यूईएफआयवर न्यायचा, ते नीट चालतंय बघायचं आणि मग क्लोन करायचं. मी शेवटची पायरी आधी चढले.

एमबीआरचं जीपीटी करायला विंडोज १० मध्येच एमबीआर२जीपीटी नावाची कमांड आहे, डेटा न उडवता करते. पण आधी व्हॅलिडेट, म्हणजे नुसती चाचणी, करून बघा. माझं फेल गेलं कारण डिस्कचे मी कधीकाळी सी, डी, ई असे भाग पाडले होते आणि त्यातला ई लॉजिकल पार्टिशन (एक्स्टेंडेड नावाच्या मोठ्या भागाच्या पोटातला भाग) होता, तो या कमांडला चालत नाही, प्रायमरी पार्टिशनपण तीनपेक्षा जास्त चालत नाहीत. मग ई मधलं सगळं बाहेरच्या डिस्कवर काढलं, ई उडवला, एक्स्टेंडेड पार्टिशन उडवलं, पुन्हा व्हॅलिडेट, पास, कन्व्हर्ट, पाच मिनिटांत खेळ खल्लास. त्यानंतर लगेच बायोसमध्ये जाऊन सीएसएम (जुनी लेगसी पद्धत चालवणारा पर्याय) बंद करायचं, नाहीतर विंडोज सुरूच होणार नाही आणि तुम्हाला वाटेल आपण वाट लावली. सीएसएम बंद झालं की सिक्युअर बूट चालू करता येतं. ग्राफिक्स कार्ड फारच म्हातारं असेल तर इथे स्क्रीन काळी पडू शकते, ऑनबोर्ड डिस्प्लेची केबल हाताशी ठेवा.

आणखी एक, यातलं काहीही करण्याआधी बिटलॉकर किंवा डिव्हाइस एनक्रिप्शन (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू आहे का ते बघा. चालू असेल तर तात्पुरतं सस्पेंड करा आणि ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. कागदावर. त्याच कॉम्प्युटरवर टेक्स्ट फाइल करून ठेवणारी माणसं आहेत, नावं घेत नाही, आमच्याच घरातली आहेत.

दुसऱ्या रविवारी पुन्हा क्लोन, यावेळी बूट झालं, आणि मी अक्षरशः खुर्चीत मागे सरकले. बटण दाबल्यापासून डेस्कटॉप १४ सेकंदांत. अजून विंडोज १० च होतं बरं का! हेच माझं म्हणणं आहे, मशीन नवं झाल्यासारखं वाटलं ते एसएसडीने, त्यात ११ चा काडीचा वाटा नाही. फिरणाऱ्या डिस्कला प्रत्येक छोट्या फाइलसाठी डोकं इकडून तिकडे हलवावं लागतं, आणि विंडोज सुरू होताना अशा हजारो छोट्या फाइली वाचतं, एसएसडीत हलणारं काही नाहीच. साटा एसएसडी घेतली तरी रोजच्या कामात हाच चमत्कार दिसेल, एनव्हीएमईच पाहिजे असा हट्ट नको.

मग ११ चं अपग्रेड. हेल्थ चेकने हिरवी खूण दिली, इन्स्टॉलेशन असिस्टंट चालवला, पाऊण तासात झालं, फाइली, प्रोग्रॅम सगळं जागच्या जागी, विंडोज १० ॲक्टिव्हेट असल्यामुळे लायसनचं वेगळं काही लागलं नाही. मागे फिरायचं असेल तर १० दिवस मुदत असते, त्या दहा दिवसांत डिस्क क्लीनअपच्या नादात जुनं विंडोज उडवू नका.

वापरायला कसं आहे? ठीक आहे. फाइल एक्स्प्लोररमध्ये टॅब आले ते मला खूप आवडलं, खिडक्या शेजारीशेजारी लावायचे लेआउट पण मस्त, मराठी फोनेटिक कीबोर्ड होता तसा चालतोय. टास्कबार डावीकडे उभा ठेवायची माझी जुनी सवय, ती सोडावी लागली. आणि राइट क्लिक केल्यावर अर्धे पर्याय आणखी एका क्लिकच्या आड, त्याचा राग मला दिवसातून दहा वेळा येतो. वेगात १० च्या तुलनेत काही फरक जाणवत नाही, ना वर ना खाली.

एक दणका मात्र बसला. माझा जुना स्कॅनर. त्याचा ड्रायव्हर कुठल्या जमान्यातला कोण जाणे, कोअर आयसोलेशनमधलं मेमरी इंटेग्रिटी नावाचं विंडोजचं संरक्षण त्याच्यामुळे चालूच होत नव्हतं, आणि ज्या कंपनीचा आहे तिने नवीन ड्रायव्हर काढायचं कधीच सोडून दिलंय. सुरक्षा की स्कॅनर असा प्रश्न आला, स्कॅनर गेला माळ्यावर, आता फोनने स्कॅन करते. अपग्रेडच्या आधी आपली प्रिंटर, स्कॅनर, डाँगल अशी सगळी म्हातारी मंडळी एकदा तपासा. हिशेबाचं वगैरे फार जुनं १६ बिटचं सॉफ्टवेअर असेल तर विसरा, ११ फक्त ६४ बिटमध्येच येतं आणि त्यात ते चालत नाही. ३२ बिटची चालतात.

राहिला बाबांचा लॅपटॉप, आय५ ७२००यू, म्हणजे सातवी पिढी, म्हणजे यादीबाहेर. अटी चुकवून ११ टाकायचे जुगाड आहेत, भाचा पेन ड्राइव्ह घेऊन तयारच होता, पण अशा मशीनला पुढे अपडेट मिळतीलच याची हमी नसते, आणि ज्यावर बाबा बँकेचं काम करतात त्यावर मला जुगाड नको होता. त्यात साटा एसएसडी टाकली आणि विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम. बाबांना ब्राउझर, मेल आणि पत्ते एवढंच लागतं. पहिल्या दिवशी विचारलं, "हे बंद कुठून करायचं?" दाखवलं. त्यानंतर आठवडाभर काहीच विचारलं नाही, म्हणून मीच फोन केला, तर म्हणाले, "लॅपटॉप बरा चाललाय, पण हल्ली फारच लवकर चालू होतो, माझा चष्मा सापडेपर्यंत झोपतो परत."